‘वैऱ्यावर प्रीती करा’ : या आज्ञेत काय आहे आणि काय नाही

एप्रिल २०२५ मध्ये ओडिशातील केओंझरच्या तुरुंगातून महेंद्र हेम्ब्रम हा जन्मठेपेचा कैदी पंचवीस वर्षांनंतर, चांगल्या वर्तणुकीच्या कारणावरून सुटला आणि एक जुने प्रकरण पुन्हा बातम्यांत आले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर या गावी ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, आपल्या गाडीत झोपली असताना जमावाने गाडी पेटवून दिली आणि तिघेही आत जळून गेले. स्टेन्स १९६५ पासून शेजारच्या मयूरभंज जिल्ह्यात, बारीपदा येथे, कुष्ठरोग्यांमध्ये काम करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी घटनेनंतर थोड्याच दिवसांत सांगितले की, आपण मारेकऱ्यांना क्षमा केली आहे आणि आपल्या मनात कडवटपणा नाही. मुलगी एस्थर हिला घेऊन त्या पुढची पाच वर्षे बारीपद्यातच राहिल्या आणि पतीचे काम त्यांनी चालू ठेवले. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

ही हकिकत ऐकणाऱ्यांचे साधारणपणे दोन तट पडतात. एकाला त्यात संतपण दिसते आणि म्हणूनच ती आपल्यासाठी नाही असे वाटते. दुसऱ्याला त्यात भोळेपणा किंवा ढोंग दिसते, कारण ज्यांनी पोटची मुले जाळली त्यांच्याबद्दल कोणाला प्रेम वाटणे शक्यच नाही, असे त्याचे म्हणणे असते. माझ्या मते दोघांचाही घोटाळा ‘प्रेम’ या शब्दापाशी होतो. ख्रिस्ती परंपरेत वैऱ्यावर करायची ‘प्रीती’ ही भावना म्हणून मुळात मागितलेलीच नाही, आणि ती न्यायाच्या जागी बसवण्यासाठीही सांगितलेली नाही.

मूळ वाक्य कोणाला सांगितले गेले

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्राच्या, पाचव्या अध्यायात, ज्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतात त्यात, येशूचे हे वाक्य आहे : ‘तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ हे ऐकणारे लोक गालील प्रांतातले शेतकरी, कोळी, मजूर होते आणि त्यांच्या देशावर रोमचा अंमल होता. त्यांचा वैरी नकाशावर दूर कुठे नव्हता. रोमन शिपाई वाटेवरच्या कोणाही माणसाला धरून त्याच्या डोक्यावर ओझे देऊ शकत असे, आणि त्याच प्रवचनात त्याचा उल्लेखही आहे : ‘जो कोणी तुला वेठीस धरून एक मैल नेईल त्याच्याबरोबर दोन मैल जा.’ वेठ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या मानेवर ओझे होते त्यांनाच हे सांगितले जात होते, हे विसरले की ही आज्ञा सुखवस्तू माणसाने दुसऱ्याला दिलेल्या उपदेशासारखी वाटू लागते.

लूकच्या शुभवर्तमानात हेच वाक्य जरा विस्ताराने येते आणि तेथे चार क्रियापदे आहेत : वैऱ्यांवर प्रीती करा, द्वेष करणाऱ्यांचे बरे करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. पहिले सोडले तर बाकीची तीन उघडउघड कृती आहेत, आणि पहिल्याचा अर्थ त्या तिघांनी उलगडतो. ‘मनात प्रेम वाटू द्या’ असे कुठेही म्हटलेले नाही, ‘करा’ असेच म्हटले आहे.

प्रीती हा शब्द

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि ग्रीकमध्ये आपुलकीसाठी अनेक शब्द आहेत. स्त्रीपुरुषांच्या ओढीला एक, मैत्रीला दुसरा, रक्ताच्या मायेला तिसरा. वैऱ्याच्या बाबतीत वापरलेला शब्द ‘अगापे’ या कुळातला आहे आणि ख्रिस्ती विचारात त्याचा अर्थ ठरत गेला तो असा : समोरच्याची लायकी न पाहता आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता त्याचे भले इच्छिणे, आणि हाताशी असेल तेवढे ते करणे. मराठी बायबलने त्यासाठी ‘प्रेम’ऐवजी ‘प्रीती’ हा शब्द घेतला. आज तो थोडा जुनाट वाटतो. पण सिनेमातल्या प्रेमापासून तो अंतर राखतो, एवढा त्याचा फायदा आहेच.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मारामारीत जखमी झालेले दोघे एकाच वेळी आणले जातात असे समजा, त्यातला एक आरोपी आहे आणि त्याच्या खाटेशी पोलीस बसला आहे. डॉक्टर दोघांनाही टाके घालतो. आरोपीबद्दल त्याच्या मनात घृणा असू शकते आणि नंतर न्यायालयात तो त्याच आरोपीविरुद्ध वैद्यकीय साक्षही देईल. तरीही टाका घालताना त्याचा हात मुद्दाम वाकडा जात नाही. वैऱ्यावरील प्रीतीचे हे अगदी किमान रूप म्हणता येईल. ख्रिस्ती शिकवण याच्या पुष्कळ पुढे जाते, पण सुरुवात येथून होते.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग हे पेशाने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. वैऱ्यावरील प्रीतीविषयी बोलताना त्यांनी एक बारीक फरक सांगितला होता : येशूने वैरी ‘आवडून घ्या’ असे म्हटले नाही हे बरे झाले, कारण आपल्या घरावर बाँब टाकणारा माणूस आवडणे अवघडच आहे. हे केवळ व्यासपीठावरचे वाक्य नव्हते. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरी येथील त्यांच्या घरावर खरोखरच बाँब टाकला गेला, तेव्हा घरात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. बाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातांत शस्त्रे होती, आणि किंग यांनी घराच्या ओट्यावर उभे राहून त्या सर्वांना शस्त्रे घेऊन घरी परत जायला सांगितले.

क्षमा आणि उधारीची वही

प्रीतीच्या मागोमाग येणारा दुसरा शब्द क्षमा. येथे मराठी बायबलची मला फार मदत झाली आहे, कारण प्रभूची प्रार्थना म्हणून ओळखली जाणारी जी प्रार्थना आम्ही दर रविवारी उपासनेत म्हणतो तिच्यात ‘क्षमा’ हा शब्दच येत नाही. तेथे म्हटले आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ लहानपणी ही ओळ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर देव कमी आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची लांबट, लाल कापडी बांधणीची वही जास्त येत असे. महिन्याच्या शेवटी वडील पैसे देत आणि तो आमच्या पानावर आडवी रेघ मारी. ती रेघ कशी दिसते हे मला नीट ठाऊक होते, म्हणून ‘ऋण सोडणे’ म्हणजे काय हेही समजत होते.

मोठेपणी कळले की ही कल्पना अगदीच पोरकट नव्हती. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीची लक्षणे दिली आहेत आणि त्यांपैकी ‘अपकार स्मरत नाही’ या लक्षणासाठी वापरलेला ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला आहे : मोजणे, खात्यावर मांडणे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन दगडांखाली मरताना म्हणतो, ‘हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस.’ तेथेही तोच हिशेब आहे.

या उपमेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. उधारी सोडायची तर आधी ती उधारी होती हे मान्य करावे लागते; वाणी ‘तू काही घेतलेच नव्हतेस’ असे म्हणत नाही. म्हणजे क्षमा करणारा माणूस अन्यायाला अन्यायच म्हणत असतो. दुसरे, सोडलेल्या उधारीचा तोटा कोणीतरी सोसतोच, आणि तो सोडणाराच सोसतो. क्षमा फुकट असते असे म्हणणाऱ्याने बहुधा कधी मोठी उधारी सोडलेली नसते. आणि तिसरे, उधारी सोडली म्हणजे उद्यापासून गल्ल्याची किल्ली त्याच माणसाच्या हाती द्यायची असे नव्हे. क्षमा एकटा माणूस करू शकतो; तुटलेले नाते पुन्हा जुळणे, म्हणजे समेट, याला दोघे लागतात, आणि त्यांतल्या अपराध्याने आपला अपराध कबूल करावा लागतो.

एक राखी

समेटापर्यंत गेलेले एक भारतीय उदाहरण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. राणी मारिया ही केरळमधील पुल्लुवळी गावची धर्मभगिनी, म्हणजे आपण सिस्टर म्हणतो ती, मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे काम करीत होती. भूमिहीन मजुरांना आणि लहान शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवणे, त्यांना सरकारी योजनांची आणि बँकेची वाट दाखवणे, बायकांचे बचत गट उभे करणे असे तिचे काम होते, आणि त्यामुळे ज्यांचे दुखायचे त्यांचे दुखले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेली असताना समुंदर सिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांदेखत तिच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. तिचे वय तेव्हा ४१ होते. त्याला चिथावून पाठवणारे गावातले बडे लोक होते. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघातली धर्मभगिनी. ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, ती इंदूरच्या तुरुंगात जाऊन समुंदर सिंहला भेटली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली.

क्षणभर येथे थांबू. राखी बांधायची तर हात हातात घ्यावा लागतो, मनगट उलटे करावे लागते, दोऱ्याची गाठ बसेपर्यंत ते धरून ठेवावे लागते. चाकू ज्या हाताने चालवला तो हात तिच्या हातात होता. पत्र पाठवणे सोपे होते, वर्तमानपत्राला निवेदन देणे त्याहून सोपे. पण मनगट हातात घेणे ही गोष्ट दुरून करता येत नाही. शिवाय राखीचा अर्थ ‘मी तुला माफ केले’ एवढाच नसतो. आजपासून तू माझा भाऊ आणि माझे रक्षण करण्याची जबाबदारी तुझी, हा तिचा अर्थ गावातल्या त्या तरुणाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. केरळच्या ख्रिस्ती घरातल्या बाईने उत्तरेकडचा हा सण निवडला, कारण जे सांगायचे होते ते त्याच्या भाषेत सांगायचे होते.

पुढे कुटुंबाने आणि धर्मभगिनींनी त्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळला जाऊन राणी मारियाच्या आईवडिलांना भेटला आणि त्यांनी त्याला घरात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी असते.

हे वाचून डोळे पाणावतील, पण एक गोष्ट नजरेआड होऊ नये. राखी बांधली तेव्हा त्याने सात वर्षे तुरुंगात काढली होती. खटला झाला होता, शिक्षा झाली होती, आणि सुटकेची विनंती कायद्याने ठरवलेल्या मार्गानेच झाली.

मग शिक्षा आणि कायदा कशाला?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आक्षेप हाच, आणि त्याचे उत्तर ग्लॅडिस स्टेन्स यांनी फार नेमके दिले होते : क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. भुवनेश्वरच्या न्यायालयाने २००३ मध्ये स्टेन्स हत्येतला मुख्य आरोपी दारा सिंह याला फाशी आणि बारा जणांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये फाशीची जन्मठेप केली, हेम्ब्रमची जन्मठेप कायम ठेवली आणि इतर अकरा जणांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय उचलून धरला. या सर्व काळात ग्लॅडिस यांची क्षमा जागची हलली नाही आणि न्यायालयाचे कामही अडले नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्रात या दोन गोष्टी अगदी शेजारी शेजारी येतात. बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की सूड उगवू नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. आणि लगेच तेराव्याच्या आरंभी तो वाईट करणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या राज्यसत्तेविषयी बोलतो. अध्यायांचे हे आकडे मागाहून, मध्ययुगात पडले. मूळ पत्रात तो सलग विचार आहे. ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतःच वादी, न्यायाधीश आणि जल्लाद होऊ नये, असा त्याचा रोख आहे.

हाच पौल फिलिप्पै शहरात कसा वागला ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकले गेले. रात्री भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तुरुंगाच्या अधिकाऱ्याने स्वतःवर तलवार उपसली, तेव्हा पौलाने ओरडून त्याचा जीव वाचवला. सकाळी अधिकाऱ्यांनी ‘जाऊ द्या त्यांना’ असा निरोप पाठवला, तर पौल जागचा हलेना. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हांला उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे त्याने सांगितले, आणि त्यांना यावे लागले. ज्याने डांबले त्याचा जीव वाचवणे आणि ज्यांनी बेकायदा मारले त्यांना जाब विचारणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने बारा तासांच्या आत केल्या आहेत.

दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे मार खात राहायचे का?

हा वाक्प्रचार मराठीत गांधीजींमुळे रुळला आणि नंतर टिंगलीसाठीही वापरला जाऊ लागला. मूळ वचनात ‘उजव्या गालावर’ मारणाऱ्याचा उल्लेख आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताच्या मागच्या बाजूने मारावे लागते, आणि तशी चपराक मालक नोकराला देतो तशी, अपमानाची असते, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. त्यांच्या मते दुसरा गाल पुढे करणे म्हणजे ‘मारायचेच असेल तर बरोबरीचा समजून मार’ असे सांगणे होय. हा अर्थ सर्वांना मान्य नाही, आणि मलाही तो थोडा ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो. मला येशूची स्वतःची वागणूक अधिक बोलकी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानानुसार महायाजकापुढे चौकशी चालू असता एका शिपायाने त्याला चपराक मारली. त्याने दुसरा गाल पुढे केला नाही आणि हातही उचलला नाही. ‘मी वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, बरे बोललो असलो तर मला का मारतोस?’ असे त्याने विचारले. म्हणजे प्रश्न विचारणे, अन्यायाला तोंडावर अन्याय म्हणणे, हे या आज्ञेत बसते.

किंग यांच्या माँटगोमेरीतही तेच दिसते. तेथील काळ्या नागरिकांनी वर्णभेद पाळणाऱ्या बसगाड्यांवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला, त्याच वेळी न्यायालयात दावा लढवला आणि जिंकला. बसचालकाला शिवी द्यायची नाही आणि त्याच्या बसमध्ये पायही ठेवायचा नाही, असा तो मार्ग होता.

ज्याला लागले त्यानेच क्षमा केली पाहिजे, असे इतरांनी सांगावे का?

या विषयातला हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि चर्चमध्ये येथेच सर्वांत जास्त चुका होतात. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला वडीलधारी मंडळी ‘क्षमा कर, प्रभूनेही केली’ असे सांगून परत पाठवतात, हे मी पाहिले आहे. हे वाक्य ऐकायला भक्तीचे वाटते. प्रत्यक्षात ते मारणाऱ्याची सोय करते. वर सांगितलेली व्याख्या येथे लावून पाहावी. त्या नवऱ्याचे खरे भले कशात आहे? त्याचा हात थांबण्यात आहे. म्हणून त्या मुलीने वेगळे राहणे, पोलिसांत जाणे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागणे यांतले काहीही प्रीतीच्या विरुद्ध जात नाही. दुसऱ्याला पाप करण्याची संधी पुरवत राहणे ही प्रीतीची कोणतीही व्याख्या असू शकत नाही.

१७ जून २०१५ रोजी अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरी, काळ्या ख्रिस्ती लोकांच्या एका जुन्या चर्चमध्ये, बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा तरुण येऊन बसला. लोकांनी त्याला जागा दिली. सुमारे तासाभराने त्याने बंदूक काढून नऊ जणांना ठार केले. दोनच दिवसांनी तो न्यायालयात हजर झाला तेव्हा मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला उद्देशून ‘मी तुला क्षमा करते’ असे म्हटले आणि ते जगभर गाजले. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या, ज्या तितक्या गाजल्या नाहीत. इतर काही नातेवाइकांनी आम्ही अजून क्षमा केलेली नाही असे सांगितले. आणि काळ्या समाजातील अनेक लेखकांनी विचारले की, आम्ही मेलो की आमच्याकडून क्षमेची अपेक्षा इतकी तातडीने का केली जाते, आणि ती मिळाली की बाकीचे निश्चिंत का होतात?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. क्षमा करणाऱ्या नातेवाइकांचे मोठेपण त्याने कमी होत नाही, कारण त्यांनी ती स्वतःहून केली होती. पण वही ज्याची त्यानेच रेघ मारायची असते. शेजाऱ्याने हात घालून दुसऱ्याच्या वहीतली उधारी खोडली तर त्याला आपण औदार्य म्हणत नाही. आणि एखाद्याला क्षमा करायला दहा वर्षे लागली, किंवा रोज नव्याने करावी लागली, तर त्याचा विश्वास कमी पडला असेही म्हणता येत नाही. येशूचा शिष्य पेत्र याने ‘कितीदा क्षमा करू, सात वेळा का?’ असे विचारले तेव्हा येशूने त्याला साताच्या सत्तर पटीचा आकडा सांगितला. तो आकडा वेगवेगळ्या अपराधांचा आहे असे आपण धरतो. मला तर कधीकधी वाटते की एकाच अपराधाची क्षमाही तेवढ्या वेळा करावी लागत असेल.

आणि गोव्याचे काय?

प्रीतीचा एवढा उपदेश करणाऱ्या धर्माने इतिहासात काय केले, हे मराठी आणि कोकणी वाचकाने विचारायलाच हवे. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. बाटलेल्या लोकांच्या घरातल्या चालीरीतींवरही त्याची नजर असे. कैद, छळ आणि काहींना जाळणे हे सर्व त्याच ख्रिस्ताच्या नावाने झाले.

‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ असे म्हणून यातून अंग काढून घेता येत नाही. उलट वर दिलेल्या व्याख्येतच एक धोका दडलेला आहे हे कबूल करावे लागते. समोरच्याचे भले करायचे, पण त्याचे भले कशात हे ठरवणार कोण? पाचव्या शतकाच्या सुमारास संत ऑगस्टीनसारख्या मोठ्या विचारवंताने आफ्रिकेतील फुटीर ख्रिस्ती पंथाला जबरदस्तीने परत आणण्याचे समर्थन त्याच्याच भल्याच्या नावाने केले, आणि पुढच्या शतकांत त्या युक्तिवादाचा आधार अनेकांनी घेतला. याला उतारा पुन्हा लूकच्या चार क्रियापदांतच सापडतो. बरे करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा, यांत ‘भाग पाडा’ हे क्रियापद नाही. तसेच, समोरच्याने आपला धर्म घ्यावा या अटीवर केलेली मदत ही प्रीती राहत नाही. तीही एक उधारीच असते, फक्त वसुलीची तारीख लांबवलेली.

हे फक्त ख्रिस्ती लोकांचे आहे का?

नाही. वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन महाराष्ट्रातील बौद्ध घरांत पाठ असते. पसायदानात ज्ञानदेव खळांचा नाश मागत नाहीत, खळांची ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा सांडावा असे मागतात आणि त्यांची सत्कर्मी रती वाढावी असेही मागतात. माणूस आणि त्याचा दुष्टपणा यांत केलेला हा फरक समजला की वैऱ्यावरील प्रीतीचे निम्मे कोडे सुटते, आणि मराठी माणसाला तो सातशे वर्षांपासून तोंडपाठ आहे.

ख्रिस्ती मांडणीचे वेगळेपण त्यामागे दिलेल्या कारणात आहे. येशू सांगतो की देव वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो. पाऊस बांध पाहून पडत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असते. दुसरे कारण क्रूसाचे आहे : आपण स्वतः देवाचे वैरी असताना त्याने आपल्याशी समेट केला, असे पौल लिहितो, म्हणून ख्रिस्ती माणूस वैऱ्याकडे पाहतो तेव्हा तो स्वतःच कधीकाळी जेथे उभा होता तेथे पाहत असतो. ज्याला हा विश्वास नाही त्याला हे कारण पटणार नाही, पण त्यामागची मांडणी समजायला हरकत नाही.

रोजच्या जगण्यात

आपल्यापैकी बहुतेकांना मारेकऱ्याला क्षमा करण्याची वेळ येत नाही. आपले वैरी सोसायटीच्या बैठकीत, कार्यालयात, व्हॉट्सॲपच्या गटात आणि बांधाच्या पलीकडे असतात. त्यांच्यासाठी मला नव्या करारापेक्षा जुन्या करारातला एक नियम जास्त उपयोगी वाटतो. निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे नेऊन पोचव. आणि तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर निघून जाऊ नकोस, त्याला मदत करून ते सोडव. मूळ हिब्रूत ‘त्याच्यासह’ असा शब्द आहे. म्हणजे एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने तुम्ही, मध्ये गाढव. आणि एकाच वेळी जोर लावायचा तर निदान ‘हं, उचल’ एवढे तरी एकमेकांशी बोलावेच लागते.

आमच्या आजोबांचा आणि त्यांच्या चुलत भावाचा बांधावरून दावा होता. कित्येक वर्षे तारखा चालू होत्या आणि दोन्ही घरांत बोलणे बंद होते. एका पावसाळ्यात त्या चुलत आजोबांची गाभण म्हैस कॅनॉलच्या चारीत, गाळात रुतली. आजोबा घरातला कासरा आणि दोन पोती घेऊन गेले. पोती म्हशीच्या पुढच्या पायांखाली सरकवली, कासरा तिच्या पोटाखालून घेतला आणि दोघे दोन टोकांना लागले. बाहेर काढल्यावर आजोबांनी चारीच्या पाण्यात पाय धुतले आणि घरी आले. आजीने विचारले, ‘काय म्हणाले भाऊजी?’ आजोबा म्हणाले, ‘काही नाही. कासरा ओला आहे, वाळत टाक.’

पुढच्या आठवड्यात तारीख होती. दोघेही एकाच एसटीने तालुक्याला गेले, आणि आजोबांनी दावा मागे घेतला नाही.